कटऑफकाका

२०२२च्या जूनमध्ये आम्ही अंधेरी पूर्वेला, नागरदास रोडवरच्या एका जुन्या सोसायटीत राहायला आलो. टेम्पो गेटात उभा, हमाल फ्रिज घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलेले, आणि फ्रिजच्या पलीकडून आवाज आला, "मुलगा कितवीत?"

"आठवीत," मी फ्रिजला उत्तर दिलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सुस्कारा. "उशीर केलात."

मला वाटलं, टेम्पोबद्दल बोलताहेत. म्हटलं, "हो ना, सबवेत पाणी भरलं होतं." फ्रिज पुढे सरकला तेव्हा मागे अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर नातेवाइकाला अतिदक्षता विभागात पाहून आल्याचा भाव असलेले एक गृहस्थ दिसले. ते म्हणाले, "सबवेचं नाही हो. अकरावीचं म्हणतोय."

सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक टाकीच्या पाण्यावर डोळा ठेवणारा असतो आणि एक कटऑफकाका असतो. पहिले दोघे निवडून येतात किंवा वैतागून सोडून जातात. तिसऱ्याला निवडावं लागत नाही आणि काढता येत नाही.

काका विमा कंपनीत नोकरीला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संकटांचे फॉर्म तपासल्यामुळे संकट येण्याआधी फॉर्म भरून ठेवावा, ही त्यांची श्रद्धा. त्यांची कन्या छकुली आमच्या चिरंजीवांच्याच इयत्तेत. पण चिरंजीव आठवीत 'होते' आणि छकुली आठवीत 'चालली होती', थेट बारावीनंतरच्या दिशेनं. तिच्या नावानं काकांनी लॅपटॉपवर एक तक्ता केला होता. आडव्या ओळींत कॉलेजं, उभ्या रकान्यांत त्यांची कुंडली: तीन वर्षांचे कटऑफ, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, बायफोकल आहे का, आणि एक रकाना खास अंधेरीकरांसाठी, 'सबवे बंद पडल्यास'.

त्या बायफोकलनं काकांच्या घरात एकदा गोंधळ झाला होता. काका फोनवर कुणाला तरी सांगत होते, "छकुलीला बायफोकल घ्यायचाच." आजींनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत नातीला चाळिशी लागल्याचं दुःख तिन्ही मजल्यांवर पोचवलं. बायफोकल म्हणजे अकरावी-बारावीला घ्यायचा दोनशे मार्कांचा व्यवसाय विषय, हे आजींना काकांनी तीन वेळा समजावलं. आजी प्रत्येक वेळी म्हणाल्या, "पण नंबर किती?"

काकांना हा नाद लागला २००९ साली. मुंबईत अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदा ऑनलाइन झाले आणि काकांच्या पुतण्याचा फॉर्म काकांनी भरला. लोक पानिपत सांगतात तसे काका तो काळ सांगतात. "२००८ला पर्सेंटाइल, कोर्टात उडालं. २००९ला नव्वद-दहा, एसएससीवाल्यांना नव्वद टक्के जागा, तेही उडालं. २०१०ला बेस्ट ऑफ फाइव्ह. हायकोर्टानं उडवलं, पण सुप्रीम कोर्टानं तारलं!" 'तारलं' म्हणताना त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो. पुतण्या आता कॅनडात आहे. त्याला यातलं काहीही आठवत नाही.

२०२१ साली कोविडमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अकरावीसाठी सीईटी घ्यायचं ठरलं. काका तडक जाऊन सीईटीचं गाइड घेऊन आले. ऑगस्टमध्ये हायकोर्टानं ती सीईटीही रद्द केली. गाइड नवं कोरं राहिलं. छकुली तेव्हा सातवीत होती, ही गोष्ट काकूंशिवाय कुणाच्या लक्षात आली नव्हती.

काकांचं मोठं दुःख मात्र त्याहून जुनं. पार्ले टिळक ही १९२१ची शाळा आणि साठे हे १९५९चं कॉलेज एकाच संस्थेचं. म्हणजे छोट्या शिशूत असतानाच पोरीला टिळकमध्ये घातलं असतं, तर इनहाऊस कोट्याचा दरवाजा किलकिला राहिला असता. "तेव्हा सुचलं नाही," काका खिन्नपणे म्हणत. तेव्हा छकुली अडीच वर्षांची होती आणि तिला स्वतःची चप्पल सुचत नव्हती.

मग गुण साठवायला सुरुवात झाली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणीला दहावीत सात गुण, बीला पाच, सीला तीन. काकांनी छकुलीला क्लास लावला. पोरीचा हात बरा होता, पण डोकं भलतीकडे. स्मरणचित्राच्या पेपरात भाजीबाजार काढायचा होता. तिनं कोपऱ्यात वांग्यांची एक टोपली काढून बाजार उरकला आणि उरलेल्या कागदभर तळं काढलं. तळ्यात बगळा, काठावरच्या फांदीवर खंड्या. सी श्रेणी मिळाली. काका आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तीन गुण म्हणजे पाचशेत शून्य पूर्णांक सहा टक्के. कटऑफला शून्य पूर्णांक दोनवर पोरं लटकतात." बगळ्याचं आपण उगाच मनाला लावून घेतलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

रविवारी पाहणी दौरे असत. भर मे महिन्यात छकुलीला आणि भिडेखातर आमच्या चिरंजीवांना घेऊन काका स्लो लोकलनं माटुंगा रोडला उतरायचे. रुपारेल तिथंच, स्टेशनाला चिकटून. तिथून झेड ब्रिज ओलांडून मध्य रेल्वेच्या माटुंग्याला, रुईया-पोदारकडे. काका घड्याळ लावून चालत आणि वाटेत सनावळी सांगत: "पोदार १९४१, रुईया १९३७, त्याच्याही आधी व्हीजेटीआय, १८८७." चिरंजीवांनी घरी येऊन अहवाल दिला की माटुंग्याला इडली फार चांगली मिळते. छकुलीनं सांगितलं की झेड ब्रिजवर घारी अगदी डोक्यावरून जातात.

घराजवळची कॉलेजं काकांच्या यादीत तळाला. चिनाई तर हाकेच्या अंतरावर. त्यामुळे त्याला ओळच नव्हती. "घराजवळचं कॉलेज म्हणजे अकरावी नव्हे, इयत्ता अकरावी," असं त्यांचं एक वाक्य होतं. कॉलेजला कसं लोकलनं जावं, पास काढावा, घामाघूम व्हावं.

काकांचं एकच उदाहरण मला मनापासून पटलं. २०२२च्या नोव्हेंबरात अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, पाडला, नवा बांधायला घेतला. २०२४च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू सुरू झाली तेव्हा उघड झालं की तो शेजारच्या बर्फीवाला पुलापेक्षा उंच झालाय आणि दोघं एकमेकांना मिळतच नाहीत. अख्खा महाराष्ट्र हसला. काका हसले नाहीत. त्यांनी सोसायटीतल्या नववीच्या सगळ्या पोरांना तिथं नेलं आणि त्या फटीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही दहावी. ती अकरावी सायन्स. आता कळलं फाउंडेशनचा क्लास कशासाठी?" पुढे काही महिन्यांनी पूल जोडले गेले. पोरांचं अजून चाललंय.

एवढ्या तयारीच्या माणसाची स्वतःची दहावी कशी झाली असेल, हा प्रश्न मी एकदा चहा पिताना काकूंसमोर विचारला. काका तक्त्यात तोंड घालून बसले. काकू म्हणाल्या, "अहो, सांगा की. नाहीतर मी सांगते." मग त्यांनीच सांगितलं. काकांना अठ्ठावन्न टक्के होते. जायचं होतं सायन्सला. मित्र ज्या रांगेत दिसला त्या रांगेत उभे राहिले, तीन तास उभे राहिले, खिडकीशी पोचल्यावर कळलं की रांग कॉमर्सची आहे. मागे फिरायचं तर पुन्हा तीन तास. फॉर्म भरून टाकला.

"आणि रांगेत यांच्या पुढे मी होते," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे पेन मागितलं होतं. अजून परत दिलेलं नाही."

खिशातली दोन पेनं तेव्हा मला कळली.

१३ मे २०२५ला दहावीचा निकाल लागला. राज्यात २११ मुलांना शंभर टक्के, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. काकांनी ते वाचून कपाळाला हात लावला, कारण त्याच वर्षापासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदा सबंध महाराष्ट्रात एकत्र होणार होते. "आता लातूरवालेही माटुंगा भरणार!" लातूरची पोरं लातूर सोडून झेड ब्रिजवर कशाला येतील, हे मी विचारलं नाही. छकुलीला ९१.४ टक्के पडले. आमच्या चिरंजीवांना ७६. काकांनी त्यांच्याकडे पाहून "कॉमर्स" एवढंच म्हटलं आणि त्यांची फाइल बंद केली. चिरंजीव सुटल्यासारखे क्रिकेट खेळायला गेले.

त्या दिवसांत काकांच्या घरी सत्यनारायणाला असते तशी गर्दी. कुणाच्या फॉर्मचा भाग एक अडकलेला, कुणाला पसंतिक्रम लावायचे. पसंतीला जास्तीत जास्त दहा कॉलेजं. काका सगळ्यांना एकच धोक्याची सूचना देत: "पहिल्या पसंतीचं मिळालं की घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. तेव्हा एक नंबर विचार करून लिहा." छकुलीनं हे कितव्यांदा ऐकलं असेल देव जाणे. पण ऐकलं होतं नीट.

तिचा फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्री शेजारच्या बिल्डिंगमधली दोन पोरं काकांकडे अडली होती, म्हणून काका म्हणाले, "क्रम ठरलेला आहे, तू भरून टाक." तिनं भरून टाकला.

पहिली यादी लागली आणि छकुलीला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं: भवन्स, अंधेरी पश्चिम, सायन्स. काकांनी पान तीनदा रिफ्रेश करून पाहिलं. तक्त्यात भवन्स सातवं होतं. स्थापना १९४६, एवढ्या एका गोष्टीचं त्यांना कौतुक होतं. "अगं, तुझे टक्के वाया गेले!" ते कळवळून म्हणाले, जणू रिक्षावाल्यानं सुटे परत दिले नव्हते. "कटऑफच्या वरचे सगळे टक्के वाया!"

"बाबा, तिथं कॅम्पसमध्ये तळं आहे," छकुली म्हणाली.

काका माझ्याकडे बघायला लागले. मी काकूंकडे. काकू चहा गाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

आता ती अंधेरीहून मेट्रोनं जाते, एकच स्टेशन, आझादनगर. सबवे बंद पडला तरी मेट्रो वरून जाते, हे काकांनी पहिल्या पावसातच मान्य केलं. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना ते तक्ता समजावत होते, त्यांची मुलगी सहावीत आहे. मी जाता जाता डोकावलो. सबवेच्या पुढे एक नवा रकाना आलाय, 'तळं'. त्याखाली सध्या एकच 'होय' आहे.