पिवळ्या गाडीच्या मालकांस, समोरून येणाऱ्याचं पत्र

श्रीयुत पिवळ्या दोन सीटवाल्या गाडीचे मालक यांच्या सेवेशी,



गेल्या शनिवारी रात्री, भर पावसात, मुळशीच्या पुढे ताम्हिणी घाटाच्या रस्त्यावर आपण दर्शन दिलंत. आम्ही दोघं नवरा-बायको स्कूटरवर होतो. आपण कृपा करून आम्हाला एवढा उजेड दिलात की पुढचे काही क्षण आम्हाला रस्ता दिसला नाही, कडेची पांढरी पट्टी दिसली नाही आणि माझ्या स्वतःच्या स्कूटरचा दिवा चालू आहे की बंद, तेही कळलं नाही. आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपण मला ओळखता. पौडला रस्त्याकडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. मे महिन्यात आपण दुकानी पायधूळ झाडली होतीत. ‘काका, हे हॅलोजन म्हणजे मेणबत्त्या आहेत. एलईडी टाकायचेत,’ असं म्हणून खोकं समोर ठेवलंत. खोक्यावर छापलं होतं 20,000 लुमेन. मी हात लावायला नकार दिला. आपण अजिबात रागावला नाहीत. माझाच स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतलात आणि माझ्याच दारात, माझ्याच सावलीत बसून ते बल्ब स्वतः बसवलेत. आपल्या या मनमिळाऊ स्वभावाबद्दल मनापासून धन्यवाद.

बल्बच्या पाठीला पंखा होता, त्यामुळे दिव्याचं मागचं रबरी झाकण बसेना. ते आपण सीटमागे टाकून दिलंत. त्या झाकणानं आजवर दिव्यात पाणी आणि धूळ जाऊ दिली नव्हती. आता ताम्हिणीचा अख्खा पाऊस आत येऊ शकतो. काचेला आतून दव धरलं की उजेड आणखी फुटतो, आणखी पसरतो. आमच्या वाट्याला जास्तच येतो. एवढं औदार्य कोण दाखवतं?

आपण म्हणालात, ‘काका, बल्ब बदलला, दिवा तोच आहे.’ मालक, दिवा तोच आहे म्हणूनच तर मी नको म्हणत होतो. आपल्या दिव्यात एच-सात बल्ब असतो, 55 वॉटचा, साधारण 1500 लुमेनचा. त्याची तार जेमतेम चार मिलिमीटर लांब. ती तार नेमकी कुठे येणार हे धरून बल्बमागचा आरसा घडवलेला असतो. तार तिच्या जागी असली की उजेड खाली रस्त्यावर पडतो आणि वर एक सरळ रेघ राहते. रेघेखाली उजेड, रेघेवर अंधार. तो अंधार समोरच्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो. आपल्या नव्या बल्बमध्ये तारेच्या जागी एक पट्टी आहे, तिच्या दोन्ही अंगांना चिपा चिकटवल्यात. आरशाला काय माहीत की आता उजेड भलत्याच ठिकाणाहून येतोय? तो बिचारा मिळेल तो उजेड फेकतो, आणि रेघ पुसली जाते.

खोक्यावर हे छापलेलं नव्हतं. मी तोंडानं सांगितलं होतं, तेव्हा आपण फोनवर बोलत होतात.

शनिवारी माझ्या पुढे चाळीसेक पावलांवर दूधवाले मामा सायकलवरून घरी निघाले होते. कॅरिअरला दोन रिकामे कॅन, अंगावर खोळ. मला ते दिसत होते. मग वळणावरून आपण आलात आणि मामा नाहीसे झाले. समोरासमोरच्या दोन दिव्यांच्या मधे सापडलेला माणूस असाच जातो. तो रस्त्यावरच असतो, फक्त दिसत नाही. मी ताशी चाळीसनं चाललो होतो, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. तीन सेकंद डोळे दिपले, तर तेहेतीस मीटर आंधळेपणानं.

मी ब्रेक दाबला. मागचं चाक ओल्या पाल्यावरून सरकलं. बायकोनं माझा खांदा घट्ट धरला. मग ढण्ण असा आवाज झाला. माझ्या स्कूटरचं मडगार्ड मामांच्या कॅनवर आपटलं होतं. मामा पडले नाहीत. सायकल धरून ते चिखलात उभे राहिले आणि वळून मलाच म्हणाले, ‘लागलं का रं?’ कॅनला मुठीएवढा पोचा आलाय. आपण तोवर पुढच्या वळणावर पोचला होतात. मी दोनदा डिपर दिला होता, तो आपल्या उजेडात आपल्याला दिसलाच नसेल. आपली काहीच चूक नाही.

कायद्याचं नाव काढून आपला वेळ घेऊ नये, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम आपल्या दिव्यांवर इतका प्रेमानं लिहिलाय की सांगितल्यावाचून राहवत नाही. दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिव्यानं दिपवू नये, असं त्यात आहे. स्कूटरवर मागे बसलेल्या माझ्या बायकोचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन दिव्यांचे दोन बदल मोजावेत की एक, ते मी आपल्यावर सोडतो.

आपली गाडी जर्मनीची, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्याच जर्मनीत असे एलईडी बल्ब हॅलोजनच्या दिव्यात घालायला 2020 पासून परवानगी मिळाली, तीही तपासलेल्या बल्बांना आणि यादीतल्या गाड्यांनाच. युरोपात लो बीमचा बल्ब 2000 लुमेनच्या वर गेला की दिवा आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा लागते आणि काच धुणारा फवाराही लागतो. वीस हजार सांगणाऱ्या खोक्यात आपल्याला फवारा मिळाला होता का? मी नीट पाहिलं नाही.

आपल्यामुळे गावाचंही भलं झालंय. आपली गाडी बघून पोरांनी पिकअपला, रिक्षाला, बुलेटला तेच पांढरे बल्ब टाकले. त्यांच्या हॅलोजनमध्ये, म्हणजे एच-चारमध्ये, लो बीमच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते, वाटाण्याच्या अर्ध्या सालीएवढी. खालच्या आरशावर उजेड पडू नये, पडला तर तो वर उडेल, म्हणून ती वाटी. गेल्या महिन्यात असे बारा-तेरा बल्ब माझ्या दुकानासमोरच्या गटारात सापडले. वाट्यांसकट.

आता एक गोष्ट मी खरोखर मान्य करतो. आपली तक्रार खोटी नव्हती. जुन्या गाडीचा हॅलोजन पिवळा आणि मंद पडतो, घाटात दिवे नाहीत, पट्ट्या पुसल्यात, पावसात भिजलेलं डांबर उजेड गिळून टाकतं. दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाला मी कधी हसलो नाही. पण दिसत का नाही, हे बघायला आपण पाच मिनिटं दिली नाहीत. वीस वर्षांच्या गाडीत दिव्याचा करंट जुन्या स्विचमधून, जुन्या बारीक वायरीतून, गंजलेल्या अर्थिंगवरून फिरत येतो. वाटेत व्होल्टेज पडतो. तो दहा टक्के पडला की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. बॅटरीपासून जाड वायर, दोन रिले, एक फ्यूज, नवीन अर्थिंग, बस. पिवळी पडलेली काच घासून पॉलिश करायची. चांगल्या कंपनीचे, तेवढ्याच वॉटचे नवीन बल्ब जोडीनं टाकायचे. ही कामं मी रोज करतो. गिऱ्हाईक रात्री गाडी घेऊन जातं आणि सकाळी खूश होऊन फोन करतं.

आपल्या नव्या दिव्यांनी तर आपल्यालाही लांबचं कमीच दिसत असणार. गाडीच्या नाकासमोर दुधासारखा उजेड सांडला की डोळा त्यालाच सरावतो आणि शंभर मीटरवरचं जनावर काळोखात राहतं. धुक्यात तर वर उडालेला उजेड पांढरी भिंत होऊन आपल्याच तोंडावर येतो. आपण तेव्हा हाय बीम लावता, असं कोलाडच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं. वाईट वाटलं.

खरं तर आपल्याइतकी गुणी गाडी या रस्त्यावर दुसरी नाही. ट्रकचा दिवा उंच, त्याचा त्रास व्हायचाच. आपला दिवा जमिनीपासून दोन फुटांवर. नीट लावला, तर आपण शेजारून गेलात हे आम्हाला आवाजावरूनच कळावं.

तेव्हा हात जोडून एकच विनंती. या रविवारी अंधार पडल्यावर दुकानी या. समोरच्या गोदामाची भिंत पांढरी आहे. तिच्यापासून दहा मीटरवर मी रस्त्यावर खूण केलीय. भिंतीवर आपल्या दिव्याच्या उंचीवर खडूची एक रेघ मारलीय आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. उजेडाची कड त्या खालच्या रेघेवर आणून देतो. रिले आणि वायर माझ्याकडून. मजुरी नको.

मे महिन्यात आपण ‘टाकून द्या, काका’ म्हणून काउंटरवर ठेवलेले जुने दोन्ही बल्ब माझ्या खणात आहेत. काचेला बोट लागू न देता कागदात गुंडाळून ठेवलेत. चालू आहेत.

आपला नम्र,
समोरून येणारा