मरुउद्यानाचे एकदिवसीय दर्शन : शास्त्रोक्त पद्धती

राजस्थानातील जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेले डेझर्ट नॅशनल पार्क, अर्थात मरु राष्ट्रीय उद्यान, गाइडसह एका दिवसात पाहून संपवता येते, हे पर्यटनव्यवसायात सर्वमान्य असल्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्या मान्यतेची चिकित्सा न करता केवळ कृतीचा विचार केला आहे. १९८० साली घोषित झालेल्या या क्षेत्राच्या नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी सरकारी दफ्तरी त्याची गणना अभयारण्यात होते. आत गावे आहेत, ढाण्या (शेतावरच्या चार-दोन घरांच्या वस्त्या) आहेत, बाजरीची शेते आणि मेंढ्यांचे कळपही आहेत. वन्यजीव पाहण्याच्या ओढीने आलेल्या पर्यटकास त्यामुळे बराच काळ शेळ्यांचे निरीक्षण करावे लागते, आणि तो काळ दौऱ्याच्या शुल्कात समाविष्ट समजावा.

प्रयाणाचा काळ हिवाळ्याचा असावा. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवणारी वाफ नसल्यामुळे दिवसा तापलेली वाळू रात्री झपाट्याने निवते, म्हणून पहाटे कानटोपी घालून निघालेल्या मराठी पर्यटकाने ती दुपारी काढणे शास्त्रसंमत आहे. तथापि कानटोपी काढावी की नाही हा निर्णय सहसा त्याच्या हाती नसून सौभाग्यवतींच्या हाती असतो.

पर्यटकाच्या मनातील वाळवंट म्हणजे धोरे, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. प्रत्यक्षात उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्सा धोऱ्यांनी व्यापलेला असून उरलेला भाग खडकाळ, मुरमाड आणि गवताळ आहे. परंतु ही माहिती आगाऊ दिल्यास नोंदणी रद्द होण्याचा संभव असल्याने चतुर गाइड मंडळींना आधी जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सम येथील धोऱ्यांवर नेतो. तेथे उंटावर बसणे अनिवार्य होय. उंट उठताना प्रथम मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्र घेतले जाते. स्वाराने उंट उठण्यापूर्वीच मागे रेलावे, हा या संपूर्ण मार्गदर्शनातील एकमेव उपयुक्त सल्ला आहे.

धोरे आटोपल्यावर खऱ्या वाळवंटाकडे, म्हणजे गवताकडे वळावे लागते. सेवण हे बहुवर्षायू गवत जुडग्यांनी वाढते, वर्षाकाठी पडणाऱ्या तुटपुंज्या पावसावर तग धरते, आपल्या मुळांनी वाळू बांधून ठेवते आणि गुरांना पोसते. ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली, आपल्याकडील देवराईच्या जातकुळीची राने, आणि खेजडीची झाडे यांच्याकडेही गाइडने बोट दाखविल्यास पर्यटकाने मान डोलवावी व पाण्याची बाटली उघडावी. खेजडी म्हणजे दसऱ्याला पूजली जाणारी शमीच, हे कळल्यास क्षणभर जिव्हाळा वाटण्याची शक्यता आहे. सांड्याची गोष्ट मात्र निराळी. काटेरी कड्यांच्या शेपटीचा हा शाकाहारी सरडा संध्याकाळी बिळात शिरून आतून मातीने दार लिंपून घेतो, आणि गरुड, ससाण्यांपासून कोल्ह्यापर्यंत सर्वांचा त्याच्यावर डोळा असल्याने त्याची ही खबरदारी अनाठायी म्हणता येत नाही. फुटपाथवरील तेलविक्रेत्यांमुळे या प्राण्याचे नाव ऐकून असलेले पुरुष पर्यटक येथे अकारण गंभीर होतात.

दौऱ्याचा मुख्य विधी सुदासरी परिसरातील क्लोजरांपाशी, म्हणजे चराई बंद करून कुंपण घातलेल्या गवताळ पट्ट्यांपाशी, पार पडतो. येथे गोडावण, म्हणजेच माळढोक, पाहावयाचा असतो. सुमारे मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत भरणारा, बहुधा एका खेपेस एकच अंडे आणि तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी २०११ पासून अतिसंकटग्रस्त गणला जातो. जीप थांबते, गाइड कुजबुजतो, "साब, वो खेजड़ी के लेफ्ट में", आणि दुर्बीण हातोहात फिरते. दुर्बिणीत प्रथम स्वतःच्या पापण्या, नंतर खेजडी, नंतर दुसरीच खेजडी दिसते. दुर्बीण हाती आल्यापासून फार वेळ न दवडता "दिसला, दिसला!" असे उद्गारणे हा शिष्टाचार असून, एकाने उद्गारल्यावर उरलेल्यांनाही तो दिसू लागतो. पुणे-सोलापूरकडील पर्यटकांना येथे एक बारीकशी अडचण जाणवते. याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले होते आणि २०१२ मध्ये ते १,२२२ वर आले. त्या अभयारण्यातील नान्नजच्या माळावर जो सहज दिसला असता, त्याच्यासाठी आता रेल्वेचे आरक्षण करावे लागते. याविषयी कोणी विचारल्यास हवामानावर बोलावे.

परतीच्या वाटेवर पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या लागतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि अंग जड असल्यामुळे तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. अशा तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला, तर २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. पर्यटकाने सूर्यास्ताचे छायाचित्र घेताना तारा चौकटीबाहेर राहतील अशी दक्षता घ्यावी.

शेवटी जीपमध्येच पाहिलेल्या प्राणिपक्ष्यांची यादी करण्याचा प्रघात आहे. चिंकारा तीन दिसले असल्यास "कळप" लिहावे. मरुकोल्ह्याची शेपटी म्हणजे कोल्हाच. पाठमोरा उडालेला कोणताही मोठा पक्षी गरुड समजावा. गाइडची बक्षिसी या यादीच्या लांबीवरून ठरत असल्यामुळे आणि गवत कोणीच मोजत नसल्यामुळे, जो गाइड तासभर सेवणाविषयी तळमळीने बोलतो त्याच्या हातावर पन्नास रुपये पडतात, तर ज्याने लांबवरचा करडा ठिपका दाखविला त्याला पाचशे मिळतात. पुढच्या तुकडीला सेवणाविषयी काहीच ऐकावे लागत नाही.