किती एचपी?

आमच्या भोसरीच्या कारखान्यात मॉड्युलर किचनची कपाटं तयार होतात आणि कुणी ऑर्डर दिलेली नसतानाही एमडीएफचा भुगा तयार होतो. जाड भुगा बिचारा खाली पडून राहतो. बारीक धूळ मात्र हजेरीच्या रजिस्टरवर, डब्यातल्या चटणीवर, खंडेनवमीच्या झेंडूवर सारख्याच प्रेमाने बसते. तिच्यावर आमच्याकडे पूर्वापार दोन उपाय होते. पहिला, संध्याकाळी एअर गन मारून यंत्रं साफ करणं, म्हणजे नुकत्याच बसलेल्या धुळीला पुन्हा उठवणं. दुसरा, गूळ. गुळाने छातीतली धूळ निघून जाते, असं आमचे मिस्त्री सांगतात. वास्तविक गूळ अन्ननलिकेतून जातो आणि धूळ श्वासनलिकेतून. घशात ओझरती भेट झाली तर झाली. पण गुळाविरुद्ध बोलण्याएवढी माझी छाती नाही. जी आहे तिच्यात एमडीएफ आहे.

लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे, हे मी दादांना वाचून दाखवलं. दादा म्हणजे थोरले बंधू; चेकवर सही त्यांची. ते गंभीर झाले. म्हणाले, "मग डस्ट कलेक्टर घेऊनच टाकू. किती एचपीचा?"

विक्रेतेही त्याच भाषेत बोलत आले. एकाने दहा एचपीचं कोटेशन ठेवलं आणि खात्री दिली, "शेठ, समोर उभा माणूस ओढून घेईल." आम्हाला माणसं ओढायची नव्हती, आहेत तीच टिकवायची होती. दुसऱ्याने पाच एचपीत तेवढीच हवा देतो म्हणून सांगितलं. ती हवा पाइप न जोडता मोजलेली होती. पाइप, वाकणं, फिल्टर या सगळ्यांचा अडथळा पार करून पंखा किती हवा ओढेल, हे विचारल्यावर त्याने चहा मागितला. सगळी बोलणी अर्थात केबिनमध्ये, दार लावून झाली. सॉपाशी जाऊन पाहायला कुणी तयार नव्हतं. तिथे धूळ असते ना!

मिस्त्रींची योजना सर्वांत स्वस्त होती. "शेठ, भिंतीत मोठा पंखा बसवा, सगळी धूळ जाईल बाहेर." मी त्यांना मेणबत्ती श्वास आत ओढून विझवायला सांगितली. फुंकलेली हवा लांब जाते. ओढलेली हवा लांबून येत नाही. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. सहा इंची पाइप पात्यापासून सहा इंच दूर ठेवला, की आपण फक्त वीज ओढतो. धूळ जिथे जन्मते तिथेच, शक्य तितक्या जवळ तिला धरा, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिलेलं होतं. तो मसुदा करणाऱ्यांना कुणी कोटेशन दिलं नसावं.

पुढचा मुद्दा पाइपचा. लाकडाचा भुगा पाइपात खाली बसू नये म्हणून त्याला सेकंदाला साधारण 20 मीटर वेग लागतो, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. संध्याकाळी भोसरीत पुणे-नाशिक रस्त्यावर हा वेग कुणालाच मिळत नाही; आमच्या भुग्याला मिळणार होता. म्हणून पाइप उगाच जाड नको, वाकणं थोडी आणि सैल हवीत. एका विक्रेत्याने सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप आणि काटकोनी एल्बो सुचवले. प्लास्टिकमधून कोरडा भुगा धावला की स्थिर वीज साठते. दादांनी बचतीचा आणखी एक मार्ग काढला: बाजूच्या लोखंड घासायच्या ग्राइंडरलाही याच पाइपात जोडून टाकू. लाकडाची बारीक धूळ, भरपूर हवा आणि वर ग्राइंडरच्या ठिणग्या! 1785 साली इटलीतल्या तुरीन शहरात एका बेकरीच्या कोठारात नुसत्या पिठाच्या धुळीचा स्फोट झाला होता. आम्ही तर ठिणगी पाइपने पुरवणार होतो.

स्फोटाच्या भीतीने यंत्र शेडबाहेर ठेवायचं ठरलं, तर वहिनींनी वास्तुतज्ज्ञ बोलावले. त्यांनी आग्नेय कोपरा दिला. ज्या यंत्राला जगात फक्त आगीची भीती, त्याची रवानगी अग्नीच्या घरी! सुदैवाने तो कोपरा उघड्यावर होता, त्यामुळे शास्त्र आणि वास्तुशास्त्र दोन्ही समाधान पावली.

शेवटी फिल्टर. सायक्लोन जाड भुगा गोल फिरवून खाली पाडतो. दहा मायक्रॉनच्या आतली धूळ त्याला बरीचशी चुकवते आणि नेमकी तीच फुप्फुसात खोलवर जाते. तिच्यासाठी पुढे बॅग फिल्टर लागतो. सैल कापडाची स्वस्त बॅग घेतली तर भुगा पिशवीत आणि विष हवेत राहतं. शेड मात्र चकचकीत दिसतं, त्यामुळे मालक खूश.

आम्ही सॉ, राउटर आणि सँडर यांच्या अगदी तोंडाशी हूड बसवले, पत्र्याचे अर्थिंग केलेले पाइप घातले, प्रत्येक फाट्याला झडप लावली, पुढे सायक्लोन, त्यापुढे बॅग फिल्टर. ग्राइंडर वेगळा ठेवला. एवढं झाल्यावर लागणारी हवा आणि दाब यांचा हिशोब करून मोटर किती एचपीची, ते आपोआप निघालं. आकडा दादांना फार लहान वाटला. पण त्याच पंख्याकडून दहा टक्के जास्त वारा हवा असेल, तर वीज तेहतीस टक्के जास्त लागते, हे कळल्यावर त्यांना लहान आकडा आवडू लागला. गूळ चालू आहे. मिस्त्रींचा तेवढा मान राखलाच पाहिजे.

तुम्हीही असं यंत्र घ्यायला निघाला असाल तर विक्रेत्याला आधी केबिनबाहेर काढा आणि पात्यापाशी उभा करा. एचपी शेवटी विचारा. आणि पैशांचा अखेरचा हप्ता त्याने प्रत्येक हूडपाशी वाऱ्याचा वेग तुमच्यासमोर मोजून दाखवल्याशिवाय देऊ नका.