फॉन्ट झकास निवडलात!

मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
हुतात्मा स्मारक नूतनीकरण समिती यांस,



स्मारकाचा नवा फलक पाहिला. अभिनंदन. बेचाळीसच्या मोर्चात गोळ्या खाल्लेल्या माणसांची नावं लग्नपत्रिकेच्या अक्षरात वाचायला मिळतील, असं वाटलं नव्हतं. शिरोरेषेला वेलबुट्टी, उकाराला झोकदार शेपटी. खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ एवढंच घालायचं राहिलं.

अक्षरांना सावलीही दिलीत. कॉम्प्युटरवर ती एका क्लिकमध्ये पडते, मान्य. पण दगडात खोल कोरलेल्या अक्षराला सावली ऊन देतं, तीही फुकट. आता ऊन कललं की प्रत्येक नावाच्या दोन सावल्या पडतात आणि नाव त्यांच्यामध्ये शोधावं लागतं.

हेही सोसलं असतं. पण फलक बसवण्याआधी नावं वाचलीत का हो कुणी? शिवरामचा ‘शविराम’ झालाय. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना सॉफ्टवेअरने तिला पुढे आणायचं असतं. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की ती मागेच राहते आणि शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडते. दत्तात्रयाची जोडाक्षरंही सुटलीत: ‘दत् तात् रय’. त्याच्या खालच्या ओळीत एक काना टिंबांच्या वर्तुळाला टेकून उभा आहे. ती नक्षी नव्हे, महोदय. ‘या कान्याचं अक्षर कुठे आहे?’ असं यंत्र विचारतंय. आपण तो प्रश्न काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरून घेतलात आणि वर सोनेरी रंग भरलात.

गोळीने मोडले नव्हते ते पाय तुम्ही मोडलेत.

आणि ‘यांच्या शुभहस्ते’च्या खालची नावं? बिनचूक! एक वेलांटी हललेली नाही, एक जोडाक्षर सुटलेलं नाही. म्हणजे तपासता येतं तुम्हाला. स्वतःची नावं तपासलीत, त्यांची नाही तपासली. वर तुमची अक्षरं हुतात्म्यांपेक्षा मोठी. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर आज 58 हजारांहून अधिक नावं आहेत, सगळी ‘ऑप्टिमा’ या एकाच साध्या अक्षरात, एकाच मापात, कुणाच्याही हुद्द्याविना. तुम्हाला मूठभर नावं झेपली नाहीत.

(सरकारने 2009च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितलाय. आपल्या फलकावर दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. असो.)

अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकाच्या नावासाठी त्या त्या नाटकाला शोभेलसं अक्षर काढलं, आणि नाटक कधीतरी उतरतंच. हा फलक उतरणार नाही, तरीही त्याचं अक्षर ठरवायला तुम्हाला फॉन्टची यादी वरून खाली सरकवण्याएवढाच वेळ मिळाला.

तसा वेळ खरंच मिळाला नसेल, हेही कळतं मला. निधी मार्चअखेर संपवायचा, नावं रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायची, दगडवाला आगाऊ रक्कम मागतोय, पाहुण्यांची तारीख ठरलेली. त्यात अंदाजपत्रकात ग्रॅनाइट असतो, रेलिंग असतं, पेव्हर ब्लॉक असतात, दिवे असतात. अक्षर नावाची बाबच नसते. समितीतल्या कुणालाही कुणी कधी विचारलेलं नसतं की नाव लिहायचं कसं. डीटीपीवाल्या पोराला तर उरलेल्या तासाभरात सगळं उरकायचं होतं.

म्हणून मागणं थोडंच आहे. हा फलक काढा. ‘मुक्ता’सारखा साधा, वाचता येणारा फॉन्ट फुकट मिळतो, तो घ्या, नाहीतर हाताने अक्षर काढणारा माणूस गाठा. दगडाला छिन्नी लावण्याआधी मजकूर पूर्ण मापात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि हुतात्म्यांच्या घरच्यांना वाचायला बोलवा. त्यांनी होकार दिला तरच कोरा. आणि नवा फलक होईपर्यंत या नावांवर कापड टाका. तुमची नावं उघडी राहिली तरी चालतील.

आपला,
गावातलाच एक वाचक