गवतावरचा तोफखाना

हेसरघट्टाचा तलाव १८९४ साली बंगळुरूला पाणी पाजण्यासाठी बांधला. आता हिवाळ्यात दर रविवारी शेजारच्या माळावर अख्खं शहरच येऊन सांडतं. मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी रात्री गवतात, जमिनीवरच झोपतात. हे ठाऊक असूनही (की ठाऊक आहे म्हणूनच?) गाड्या रस्ता सोडून थेट गवतात घुसतात. खिडकीतून सहाशे मिलिमीटरच्या लेन्सची तोफ बाहेर. अंगात पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, गाडी मात्र लालभडक! बसलेला पक्षी कुणाला नको, उडतानाचाच हवा; मग जरासा हॉर्न. संध्याकाळी फोटोखाली ओळ: ‘निसर्गाला त्रास न देता टिपलेला क्षण.’ आणि त्याखाली पहिला प्रश्न: ‘सर, नेमकी जागा सांगा ना!’