पेठेतले कानसेन

गाणाऱ्याला ऐकणारा लागतो आणि ऐकणाऱ्याला गाणारा लागतो, या परस्परावलंबनावर आपल्या संगीतव्यवहाराची इमारत शतकानुशतके उभी होती. परंतु गेल्या काही वर्षांत असा एक श्रोतृवर्ग उदयास आला आहे, की ज्याला गाणाऱ्याची निकड केवळ नाममात्र उरली असून, गवई अकस्मात रंगात आलाच तर ज्याच्या ऐकण्यात उलट व्यत्यय येतो. गाणे ज्या वाटेने घरात आले त्या वाटेची पाहणी करावी, तीवरचे खाचखळगे मोजावेत, कोठे काय सांडले याचा पंचनामा करावा, यातच या वर्गाची रात्र सरते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्याचे प्रतिनिधित्व ज्या गृहस्थांकडे आहे त्यांना पेठ तोंडावर ‘अण्णा’ आणि माघारी ‘कानसेन’ म्हणते. ही पदवी त्यांच्या कानावर गेलेली आहे. तिला त्यांनी अद्याप हरकत घेतलेली नाही.

अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले आणि निवृत्ती चौकामागच्या बोळात, वडिलार्जित घराच्या माडीवर, त्यांनी आपले नवे दप्तर थाटले. भिंतीलगत दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर, प्रत्येकाखाली कडप्प्याची लादी, मध्ये तापला की देवघरातल्या समईसारखा तांबूस उजळणारा ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या डोक्यावर आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारी डॅक नावाची काळी डबी, जिची किंमत वहिनींना सांगितलेल्या रकमेहून बरीच अधिक आहे. सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र या यंत्रांपैकी कोणतीही नव्हे. ती म्हणजे लाल कापडी बांधणीची, कचेरीतल्या बारनिशीबरहुकूम रकाने आखलेली वही. तारीख, राग, गवई, सेवा आणि शेरा. अमेरिकेतल्या भाच्याच्या खात्यावरून टायडल आणि कोबझ, स्वतःच्या खात्यावरून ॲपल म्युझिक, आणि मुलाच्या खात्यावरून, केवळ तुलनेपुरते, स्पॉटिफाय, अशा गाणी घरपोच करणाऱ्या चार सेवा त्यांच्यापुढे पक्षकार म्हणून हजर असतात, आणि अण्णा त्यांची रुजुवात घेतात. या वहीतले काही शेरे मला पाहावयास मिळाले आहेत. ‘टायडल : षड्ज स्वच्छ. तंबोरा अर्धा हात डावीकडे सरकलेला. फेरतपासणी आवश्यक.’ ‘कोबझ : गवई दोन पावले मागे बसतो, तबलजी अंगावर येतो.’ ‘ॲपल : पंचम ओलसर.’ आणि चौथा, तांबड्या शाईने, ‘स्पॉटिफाय : ऐकले. पुढील कार्यवाही नाही.’

हा शेवटचा निकाल एकतर्फी वाटेल, पण त्यामागे कोल्हापूरचा म्हणून एक न्याय आहे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर उभी करून, धार डोळ्यांसमोर काढून दूध पिणाऱ्या या गावाचा, मध्ये कोणाचा तरी हात फिरून आलेल्या मालावर मुळातच विश्वास बसत नाही. स्पॉटिफाय दीर्घ काळ जे गाणे देत असे ते सेकंदाला फार तर ३२० हजार बिटांचे, म्हणजे मानवी कानाला ज्याचा अभाव जाणवणार नाही असे समजून बराचसा ऐवज आधीच गाळून टाकलेले असे होते. उलट १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला १४११ हजार बिटे असतात आणि लॉसलेस म्हणविणाऱ्या सेवा ती एकही न सांडता, नुसती घडी घालून, पोचती करतात. कोणाला विचारून गाळले, असा अण्णांचा रोकडा सवाल होता. पुढे स्पॉटिफायने लॉसलेसची घोषणा २०२१ साली केली आणि प्रत्यक्षात ती २०२५ साली आणली, तेव्हा ‘चार वर्षे विलंब, विलंबमाफीचा अर्ज नाही’ एवढी नोंद करून अण्णांनी प्रकरण नाइलाजाने पुन्हा दाखल करून घेतले, पण मुलाचे खाते जुन्याच, स्वस्त वर्गणीचे असल्याने सुनावणी पुढे सरकली नाही.

बारनिशीत एक नाजूक जागाही आहे. टायडलवर पूर्वी एमक्यूए नावाची एक पद्धत होती; उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण घडी घालून लहान पाकिटात बसवायचे आणि ऐकणाऱ्याकडे ते उलगडायचे, असा तिचा दावा होता. या घडीच्या सौंदर्यावर अण्णांनी सलग चार पाने लिहिली होती, आणि घडी उलगडताना मालकंसाच्या मध्यमावर कसे तेज चढते, हे ते सोप्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. पुढे ती घडी घालणारी कंपनीच २०२३ साली डबघाईला आली आणि २०२४ च्या जुलैत टायडलने एमक्यूए मोडीत काढून सरळ फ्लॅक ही लॉसलेस पद्धत स्वीकारली. ती चार पाने आज तिरप्या रेघेने ‘रद्द’ केलेली आहेत व खाली अण्णांची तारखेनिशी सही आहे. मध्यमाच्या तेजाचे पुढे काय झाले, याचा खुलासा त्या सहीत नाही.

आकड्यांच्या बाबतीत अण्णांची भूक मोठी. सीडीचे १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने त्यांना आता अपुऱ्या पगारासारखे वाटतात. त्यांना २४ बिट आणि १,९२,००० नमुने हवेत. ४४,१०० नमुन्यांत २२ हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी मावतो, निरोगी तरुण कानाची मजल २० हजारांपर्यंत जाते, आणि साठी ओलांडलेल्या पुरुषास दहाबारा हजारांपलीकडचे सहसा ऐकू येत नाही, हे सर्व अण्णांस ठाऊक आहे, इतकेच नव्हे तर ते स्वतःच प्रथम सांगतात. मात्र सांगून झाल्यावर ‘ऐकू येत नाही, पण भासते’ अशी पुस्ती जोडतात. यावर तालमीतल्या एका पोराने, ‘मग अण्णा, ते वरचं काय रंकाळ्याच्या वटवाघळांनी ऐकायचं व्हय?’ असे विचारले. याच पोराने पुढे कानात बिनतारी बोंडे घालून, ‘माझ्याबी फोनवर लॉसलेस हाय की,’ असे म्हटले, तेव्हा ब्लूटूथमधून जाताना लॉसलेस हे सहसा लॉसलेस राहत नाही, या विषयावर त्याला भर उन्हात, बोळाच्या तोंडाशी, इतका वेळ उभे राहावे लागले, की त्या दिवशीचा त्याचा सराव बुडाला.

अण्णांचे खरे शत्रुत्व मात्र कोणत्याही सेवेशी नसून शेजारच्या पिठाच्या गिरणीशी आहे. गिरणी आणि माडी एकाच फेजवर असल्याने, ज्वारी दळली जात असता किशोरी आमोणकरांच्या आवाजावर एक प्रकारची भुकटी बसते असे त्यांचे निदान आहे. फेज बदलून मिळावी म्हणून त्यांनी केलेल्या दरखास्तीचा मसुदा मी वाचला आहे. त्यात ‘ज्वारीपेक्षा बाजरीचा उपद्रव अधिक’ हे वाक्य येते. तूर्त तोड म्हणून अण्णांच्या मैफली रात्री साडेदहानंतर, गिरणीचा पट्टा उतरल्यावर भरतात. निमंत्रिताने आरामखुर्चीत, दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर, मान न हलवता बसावे लागते. मग तंबोऱ्याचे तेच ते पंधरावीस सेकंद चारी सेवांवरून ऐकविण्यात येतात, आणि प्रत्येक खेपेस गवयाने ‘आ’ करावा तोच अण्णा हात वर करून म्हणतात, ‘कळला फरक?’ कळला म्हणणाऱ्यास चहा मिळतो. न कळला म्हणणाऱ्यासही चहा मिळतो, पण तंबोऱ्याच्या आणखी एका फेरीनंतर. या घरात कोणी गवई समेवर आलेला माझ्या ऐकिवात नाही. वहिनी तर खालूनच सांगतात, ‘मी झोपतो आता. त्या बाई एकदा समेवर आल्या की मला उठवा.’

या नादाचे मूळ घराण्यात आहे. अण्णांचे आजोबा १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबाचे नित्याचे श्रोते, आणि शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे त्यांनी समोर बसून ऐकलेले. महाराज १९२२ साली गेले, खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ साली तेही निवर्तले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्यांनी घडविली त्या या पुरुषाच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही. अण्णांच्या शास्त्रात या प्रकरणाला जागा नाही. कोल्हापुरात झालेले सर्वांत थोर गाणे शून्य बिटांचे आहे, आणि ज्या आजोबांनी ते ऐकले त्यांच्या वहीत तंबोरा डावीकडे होता की उजवीकडे याची नोंद नाही, ‘आज खाँसाहेब. रडलो.’ एवढेच आहे. ही वही अण्णा सहसा दाखवीत नाहीत.

त्याची भरपाई ते खाँसाहेबांच्या शिष्येवर करतात. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ही वार्ता प्रत्येक कोल्हापूरकर आपल्या घरच्या मुलीच्या लग्नाची सांगावी तशी सांगतो; अण्णांचा तपशील मात्र निराळा. ती तबकडी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची असून मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवावयाची आहे, यावर त्यांचे समाधान आहे. परग्रहावर सुई कोठून मिळणार या चिंतेने ते काही काळ व्यग्र होते. परंतु सुई यानाबरोबरच पाठविली आहे असे वाचल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तिकडे वीज कोणत्या फेजवर असेल, एवढीच आता विवंचना.

डॉल्बीचा उल्लेख त्यांच्यापुढे करू नये. पेठेच्या लेखी डॉल्बी म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली, महाद्वार रोडवरच्या काचांना कापरे भरविणारी कर्ण्यांची भिंत. आणि रे डॉल्बी नावाच्या ज्या भल्या गृहस्थाने १९६५ साली ती कंपनी काढली, त्याने पहिले यंत्र केले ते टेपवरची खरखर कमी करण्याचे. आयुष्यभर गोंगाट उपसणाऱ्या माणसाच्या नावाने गोंगाट व्हावा, हे अण्णांना सोसत नाही. विसर्जनाच्या दिवशी ते ॲम्प्लिफायरवर शाल पांघरतात आणि गावाला जातात.

गेल्या दिवाळीत अभियांत्रिकी शिकणारी त्यांची पुतणी आली आणि तिने काकांची परीक्षा घेण्याची तजवीज केली. तिने प्रथम मापक लावून सर्व आवाज समपातळीवर आणले, कारण दोन सारख्या ध्वनींपैकी किंचित मोठा असेल तो सरस वाटतो ही कानाची जुनी खोड आहे; मग लग्नातला अंतरपाट शोधून तो संगणकापुढे धरावयास वहिनींना उभे केले. एकदा सीडीच्या दर्जाचे, एकदा २४ बिटांचे, केव्हा कोणते ते नाणे उडवून ठरवायचे. वीस फेऱ्यांत अण्णांचे अकरा अंदाज बरोबर आले. ‘काका, नुसतं नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते,’ असे ती म्हणाली. अमेरिकेत २००७ साली मेयर आणि मोरान यांनी अशाच ५५४ फेऱ्या घेतल्या, त्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नाण्याइतकीच. आणि पुढे २०१६ साली अनेक प्रयोगांची बेरीज मांडणाऱ्या राइस यांना फरक सापडला तो शंभरात बावन्न-त्रेपन्न उत्तरांएवढा, हेही तिने सांगितले. अण्णांनी शांतपणे चष्मा पुसला. ‘अकराविरुद्ध नऊ,’ ते म्हणाले, ‘याच बहुमताने आमच्या कचेरीत कितीतरी ठराव मंजूर झाले.’

गोष्ट इथेच थांबती तर मी ती लिहिली नसती. जाता जाता पुतणीने एका जुन्या गवयाची ७८ फेऱ्यांची तबकडी दोन सेवांवरून लावली : एकीकडे २४ बिटांची प्रत, दुसरीकडे मुलाच्या खात्यावरची, गाळीव. पहिल्या षड्जालाच अण्णा खुर्चीत ताठ झाले. ‘हे चढं आहे,’ ते म्हणाले. अंतरपाट पुन्हा पुन्हा धरला, नाणे पुन्हा पुन्हा उडविले. एकदाही ते चुकले नाहीत. कोपऱ्यातली आजोबांची पेटी ओढून त्यांनी सूर धरून दाखविला. गाळीव प्रत काळी तीनमध्ये होती, आणि ही दुसरी, एकही बिट न सांडलेली, पांढरी पाचमध्ये. त्या काळच्या तबकड्यांची गती कारखान्यागणिक बदलत असे. नक्कल करणाऱ्याने ७८ ऐवजी ८२-८३ फेऱ्यांनी फिरविली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय धावते आणि साठीचा गवई चाळिशीचा होतो. पुढे ती चूक कितीही बिटांत जपून ठेवली तरी तीच जपली जाणार. या गवयाचा सूर काळी तीन, हे आजोबांच्या त्याच न दाखविण्याच्या वहीत लिहिलेले निघाले. वहिनी अंतरपाट खांद्यावर टाकून तिथेच बसल्या. त्या रात्री गाळीव प्रत शेवटपर्यंत वाजली, गवई समेवर आला, आणि नमुने मोजण्यात दहा वर्षे घातलेला असला कान पाहून मला जितके आश्चर्य वाटले तितकाच रागही आला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्या भारी सेवेला, पुतणीकडून इंग्रजी करवून, तीन पानी कैफियत धाडली : गवयाचा मूळ सूर, आजोबांच्या नोंदीची नक्कल, फेऱ्यांचे गणित, सोबत पेटीवरच्या सुराचे ध्वनिमुद्रण. उत्तर चार मिनिटांत आले. ॲप बंद करून पुन्हा उघडावे, असा सल्ला होता. अण्णांनी त्याला आवक क्रमांक दिला, सल्ल्याची अंमलबजावणी केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘ॲप बंद करून पुन्हा उघडले. गवई अद्याप पांढरी पाचमध्येच.’