कारण न सांगता

मराठी घरातल्या पन्नाशीच्या बाईला उंबरठा ओलांडायला कारण लागतं. भाजी, बँक, दवाखाना, माहेरचं लग्न, शेजारचा सत्यनारायण, नातवाची शाळा. यातलं एक नाव घेतलं की दार उघडतं. "मला जरा फिरून यावंसं वाटतंय," एवढंच सांगितलं की घर थबकतं. "बरी आहेस ना?" असा प्रश्न येतो. काळजीनेच येतो, मान्य. पण बाईला काही वाटलं म्हणजे तिला काही झालं असणार, अशी ज्या घराची समजूत आहे, त्या घराने तिच्याकडे तीस वर्षांत नीट बघितलेलं नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या सवलतीवर वाहकांनी, विरोधकांनी, गर्दीत उभ्या राहिलेल्या पुरुषांनी पुष्कळ बोलून घेतलं. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. गावोगावच्या बायकांना त्या दिवशी एक नवं कारण मिळालं. अर्ध्या तिकिटात होतंय, तर जाऊन येते. पैसे वाचतात हे कारण कुठल्याही घरात चालतं.

सांगलीहून नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या गाडीत माझ्या शेजारी पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. दर्शनाला का, असं मी विचारलं.

"घरात तसं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "दर्शन पाच मिन्टात हुतंय. मग घाटावर बसते तासभर."

"घाटावर काय करता?"

"काय न्हाई. तितं मला कोण हाक मारत न्हाई."

पहाटे उठून घरच्यांचा स्वयंपाक करून, झाकून, कशात काय आहे ते दोनदा सांगून त्या निघाल्या होत्या. स्वतःपुरती चटणी-भाकरी फडक्यात बांधून घेतली होती. हाकेवाचून तासभर बसता यावं, ही केवढीशी गरज. तिच्यासाठी या बाईंना देवाचं नाव सांगावं लागतं. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आता वेळेचा हिशेब बघा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर लोकांचा दिवस मिनिटांत मोजला. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोज २८९ मिनिटं त्यात जातात. पुरुषाची ८८. आणि ही ८८ मिनिटंसुद्धा जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहेत. ज्यांनी दिवसभरात काडीही हलवली नाही, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करणं वेगळं मोजलंय, ते या पावणेपाच तासांत नाही.

राज्य सरकारचा बहुतेक नोकरवर्ग अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. शाल, नारळ, भाषणं, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या घरातल्या बाईचं काम वाढतं. याबद्दल आपल्याकडे कुणी भाषण करत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मराठी गृहिणीचा स्वतःचा म्हणावा असा दिवसातला एकच तुकडा असतो, तो म्हणजे दुपार. जेवणं झाली, ओटा पुसला, भांडी घासून झाली की साधारण दोन ते चार. नवरा कचेरीत, मुलं शाळेत किंवा कॉलेजात. या दोन तासांत तिने वर्तमानपत्र वाचलं, पुरवणीतलं शब्दकोडं सोडवलं, लायब्ररीतून आणलेली कादंबरी पुरवून पुरवून वाचली, बहिणीशी फोनवर बोलली, जमिनीवर चटई टाकून पंख्याखाली पडली. तीस वर्षं ती माणूस म्हणून टिकली ती या दोन तासांवर. नवरा निवृत्त झाला की पहिल्यांदा जाते ती दुपार. अडीचला त्यांना चहा लागतो. टीव्हीवर चर्चा लागते, मोठ्या आवाजात. ती फोनवर बोलायला लागली की "कोण आहे?" असं आतून विचारलं जातं. पुस्तक उघडलं की "माझा चष्मा बघितलास का?" नवरा वाईट नसतो. दुपार ही कुणाची तरी असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो घरी आला तो सगळ्या घराचा मालक म्हणून आला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला चहा करता येत नाही, ही गोष्ट कौतुकाने सांगायची पद्धत बंद झाली पाहिजे. ती नामुष्की आहे.

आणि मुलगी-सून दोघी नोकरीला असल्या तर नातवंडांचं बघायला हीच. मुलगी न्यू जर्सीत असेल तर बाळंतपणाला हीच, तेही कडाक्याच्या थंडीत, जिथे गाडी चालवता येत नाही म्हणून दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. नातवाचा लळा खरा असतो. पण "आई, तुला यायला आवडेल का?" असा प्रश्न किती घरांत विचारला जातो? तिकीट काढून झाल्यावर कळवलं जातं.

शरीराबद्दल तर काही बोलायचंच नाही असा नियम. भारतीय बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. त्याआधी दोन-चार वर्षं आणि नंतर काही वर्षं अंगातून वाफा निघतात, रात्री तीनला घामाने गाऊन भिजतो, झोप उडते, सांधे धरतात, डोळ्यांत विनाकारण पाणी येतं. घरात याचं निदान होतं ते एका वाक्यात: आईची चिडचिड वाढलीय. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणसुद्धा बायकांची सविस्तर मुलाखत घेतं ती १५ ते ४९ या वयात. पुरुषांशी ते ५४ पर्यंत बोलतं. मूल होण्याचं वय संपलं की देश बाईला प्रश्न विचारायचा थांबतो, तर घराने काय वेगळं करावं?

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण ती जिवावरची आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर दिसलं, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते, आणि वेळीच कळला तर तो बहुतेकदा बरा होतो. मुलीचं लग्न आटपू दे, दिवाळी होऊ दे, मग बघू, हे चालणार नाही. खोकताना लघवी होते म्हणून प्रवास, लग्नं, मैत्रिणी सोडून दिलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. लाजेवर मात्र औषध नाही, ती आपणच टाकायची असते.

अजून एक, तेही सरळच सांगते. पन्नाशीतल्या बाईला जवळीक हवीशी वाटते. काहींना नकोशी वाटते, तेही खरं, आणि तेही बोलता आलं पाहिजे. आपण काय करतो? मुलं मोठी झाली की तिची गादी सासूच्या खोलीत, नाहीतर नातवाशेजारी. कोण कुठे झोपणार हे घर ठरवतं. तिला खांद्यावर हात हवा आहे की दार लावून एकटीने झोपायचंय, हे तिला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. या वयात शोभतं का, या एका प्रश्नाने किती बायकांची किती वर्षं कोरडी गेली असतील.

पैशाचं सांगायला नको. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी घरोघर डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्यामागून नोटा बाहेर आल्या. नवरे थक्क झाले. त्या पैशांवर तेव्हा विनोद फार झाले. मला एकही आवडला नाही. घरखर्चातून दहा-वीस करत साठवलेला तो तिचा एकुलता एक पैसा होता, कुणाला जाब न देता खर्च करता येईल असा. तो नवऱ्यापुढे मांडून, त्याच्याच खात्यात भरायला द्यावा लागला. परत किती जणींना मिळाला? ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. योजनेचं राजकारण बाजूला ठेवा. माझ्या ओळखीतल्या एकीने त्यातून चष्मा करून घेतला, कारण सुई ओवता येईनाशी झाली होती आणि "सुई तुझी सून ओवेल की" असं घरचं उत्तर होतं. तिला सुई स्वतः ओवायची होती.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी साडीचा गणवेश, पाठीला दप्तर, हातात पाटी. फोटो सगळ्यांनी बघितले आणि 'गोड' म्हणून पुढे गेले. थांबून बघा. या आज्यांना त्या शिक्षणातून नोकरी मिळणार नव्हती, बढती मिळणार नव्हती, घरच्यांचा काडीचा फायदा होणार नव्हता. त्यांना लिहायला यायला हवं होतं, बस्स. माझ्या मते ही महाराष्ट्रातली अलीकडची सर्वांत गंभीर शाळा आहे.

२०२३ च्या जूनअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा बायका घोळक्याने थिएटरात गेल्या. नऊवारी, गॉगल, पडद्यासमोर फुगड्या. चित्रपट कसा होता यावर वाद घाला हवा तर. मला त्या घोळक्याचं कौतुक आहे आणि एक काळजीही आहे. सोसायटीच्या सगळ्याजणी चालल्यात हे पुन्हा एक कारणच झालं. एकटीने, मंगळवारी दुपारी, मनात आलं म्हणून सिनेमाला जाऊन बसलेली पंचावन्न वर्षांची बाई आपल्याकडे अजून दिसत नाही. ती दिसायला हवी.

"घर कोण बघणार?" हा प्रश्न येईल, आणि तो नेहमी नवराच विचारेल असं नाही. सासू विचारेल, नणंद विचारेल, तिची स्वतःची आईही विचारेल. ज्यांनी स्वतः कधी मागितलं नाही, त्यांना दुसरीने मागितलेलं सोसत नाही, हे दुःख मी समजू शकते. पण त्या प्रश्नाला उत्तर आहे. घरात राहणारे बघतील. घर ज्यांचं आहे ते सगळे. वीस वर्षांच्या मुलाला कुकर लावता येतो, शिकवला तर एका दिवसात येतो. मुलीला शिकवताना आपण वय बघितलं नव्हतं.

स्वार्थी म्हणतील. म्हणू देत. दिवसातले दोन तास, स्वतःच्या नावावरचं खातं, वेळेवर दवाखाना, दार लावता येईल अशी एक खोली किंवा खोलीचा कोपरा: या मागणीला स्वार्थ म्हणणाऱ्या माणसाने आपल्या स्वतःच्या दिवसाकडे एकदा बघावं. हे सगळं त्याला न मागता मिळालेलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे एवढंच मागते. या आठवड्यात एकदा घराबाहेर पडा आणि कारण सांगू नका. देवाचं नाव घेऊ नका, भाजीची पिशवी बरोबर नेऊ नका. "मी जाऊन येते, सहापर्यंत परत येईन," एवढं पुरे. बागेत बसा, वाचनालयात जा, दहावी राहिली असेल तर सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करून या, नाहीतर बसस्टँडवर चहा घेऊन परत या. आल्यावरही कुठे गेला होतात याचा हिशेब देऊ नका.

आणि घरी असणाऱ्यांनो, त्या वेळात तिला फोन करून साखरेचा डबा कुठे आहे ते विचारू नका. शोधा.